शनिवारी मुलांसाठी मलय गाणी – वेळ आणि काही सूचना

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी संध्याकाळी 5 ते 6, आपल्या ब्लॉकच्या व्हॉइड डेकवर (इमारतीखालच्या मोकळ्या जागेत) 3 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी मलय लोकगीतं. शिकवणार आहेत तिसऱ्या मजल्यावरच्या मकचिक (मलयमध्ये मावशी). आपली मुलं शाळेत सिंगापूरचं राष्ट्रगीत मलयमध्ये म्हणतात, पण त्यापलीकडे त्यांच्या कानावर ती भाषा फारशी पडत नाही.

सुरुवात ‘बांगाउ ओ बांगाउ’ने. बगळ्याला विचारायचं, तू एवढा हडकुळा का? तो म्हणतो, मासे वर येत नाहीत. मासे गवताकडे बोट दाखवतात, गवत म्हशीकडे. म्हशीचं पोट दुखतंय, कारण भात कच्चा. भात कच्चा, कारण लाकडं ओली. मग पाऊस, बेडूक आणि शेवटी साप. कच्च्या भातापर्यंत मुलं हमखास हसतात. प्रत्येकाला एकेक प्राणी किंवा वस्तू मिळेल, त्यामुळे वेळेवर या. उशिरा आलेल्याला ओलं लाकूड व्हावं लागेल!

– एक पालक सोबत हवाच. मुलाला सोडून बाजाराला जाऊ नये.
– पालकांनीही गायचं आहे. घरी रोज म्हटलं तरच टिकतं.
– गाण्याचे शब्द देवनागरीत लिहून वाटू नका, मुलं ऐकूनच शिकू देत.
– रेकॉर्डिंग मकचिकना विचारूनच.
– खाऊ म्हणून फक्त फळं आणा, हलालचा प्रश्नच येणार नाही.

‘गेलांग सिपाकु गेलांग’ हे घरी निघतानाचं गाणं, ते शेवटी.

मुलाचं नाव आणि वय गुरुवारपर्यंत ग्रुपवर कळवा.