दोन शिक्षक, पाच वर्ग

महोदय,

जिल्हा परिषदेच्या शाळांतली मुले मागे का, याचे उत्तर दर वेळी शिक्षकांच्या तयारीत नाहीतर पालकांच्या अनास्थेत शोधले जाते. त्याआधी एक साधा हिशेब करावा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस, 800 तास अध्यापन हवे. त्याच कायद्याच्या परिशिष्टात 60 विद्यार्थ्यांच्या पटापर्यंत शिक्षक 2. वर्ग मात्र पाच. दोघेही रोज हजर असले तरी एका वर्गाच्या वाट्याला शिक्षक येतो सरासरी 320 तास. एक जण रजेवर, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की त्या दिवशी त्याचेही निम्मे. तुकडीगणिक शिक्षक असलेल्या शाळेशी या मुलांची तुलना मात्र त्याच चाचणीने होते.

उरलेले 480 तास पाचवीची मुले निदान स्वाध्याय सोडवतात. पहिलीच्या मुलाला वाचताच येत नाही, तो गिरवत बसतो. 'सत्तावन्न' ऐकून तो 75 लिहितो, कारण मराठीत एकक आधी उच्चारला जातो. ही चूक तिथल्या तिथे, दशकाच्या काड्यांचे गठ्ठे हातात देऊन दुरुस्त व्हावी लागते. ती राहिली की तिसरीत हातच्याची वजाबाकी कोसळते. घरी पावरी, कोरकू किंवा माडिया यांसारखी आदिवासी भाषा बोलणाऱ्या मुलाला तर 'सत्तावन्न' हा शब्दच नवा!

दोनच शिक्षक असतील तर पहिली-दुसरी एकाकडे आणि तिसरी ते पाचवी दुसऱ्याकडे द्यावी. मग लहान वर्गांना 400 तास मिळतात, मोठ्यांना सुमारे 267. मोठ्यांचे कमी होतात हे खरे, पण ती वाचू शकतात. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटे घडते: जास्त वेळ शिष्यवृत्ती परीक्षेच्या वर्गाला जातो, कारण त्या निकालाची विचारणा होते. पहिलीबद्दल कोण विचारतो? भाषा आणि गणिताच्या तासाला तिसरी ते पाचवीत इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करावेत, आणि दर दोन महिन्यांनी ते बदलावेत. नाहीतर 'कच्चा गट' हा कायमचा शिक्का होतो.

हे सगळे ठिगळच. पाचही वर्ग चालू असलेल्या शाळेला 61व्या मुलाची वाट न पाहता संचमान्यतेत, म्हणजे शाळेची शिक्षकपदे मंजूर करताना, तिसरा शिक्षक द्यावा. तोवर निकालांच्या तक्त्यात प्रत्येक शाळेपुढे शिक्षकसंख्या आणि वर्गसंख्या हे दोन रकाने जोडावेत. दोन्ही आकडे यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीत भरलेलेच असतात.

– एक निवृत्त केंद्रप्रमुख