मूलपेशी दात्यांच्या नोंदणीसाठी या, पण घरी बोलून या

रक्तदानाला आपल्या मंडळात दरवर्षी रांग लागते. यंदा त्याच शिबिरात, येत्या रविवारी सकाळी १० ते २, रक्त मूलपेशी दात्यांचीही नोंदणी होईल. वय १८ ते ५० आणि तब्येत ठणठणीत असावी. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, सुई नाही.

लाल पेशी, प्लेटलेट आणि रोगाशी लढणाऱ्या सगळ्या पेशी हाडांच्या मगजातल्या मूलपेशींपासून तयार होतात. रोगाशी लढणाऱ्या पेशींपैकी बी पेशी तिथेच घडतात. टी पेशींच्या पूर्वज पेशी मात्र छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत जातात. तिथे स्वतःच्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या पेशी बाद होतात. ही घडण बिघडली की ब्लड कॅन्सर होतो, किंवा एखादं बाळ प्रतिकारशक्तीशिवायच जन्माला येतं.

अशा अनेकांना दुसऱ्याच्या मूलपेशी लागतात आणि त्यासाठी एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, जुळावं लागतं. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आपल्या देशात हे प्रत्यारोपण १९८३ पासून होतंय, सुरुवात मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झाली. पण घरात कुणी पूर्ण जुळलं नाही तर बहुधा रजिस्ट्रीत, म्हणजे नोंदवलेल्या दात्यांच्या यादीत, शोध घ्यावा लागतो. एचएलए वंशपरंपरेने येतं, त्यामुळे आपल्या रुग्णाला जुळणारा माणूस बहुधा आपल्यातच सापडतो.

मणक्यात सुई खुपसतात ही भीती काढून टाका. बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, मूलपेशी रक्तात उतरतात आणि प्लेटलेटदानासारख्या यंत्राने हातातूनच घेतल्या जातात. त्या दिवसांत अंग दुखतं, हे लपवत नाही.

आता आमचं खरं सांगणं. नाव जुळून फोन येईल तो कदाचित काही वर्षांनी, कदाचित कधीच नाही. आला आणि तुम्ही होकार दिलात, की रुग्णाला जबर केमो देऊन त्याची स्वतःची मज्जा संपवतात. त्यानंतर दात्याने माघार घेतली तर रुग्णाच्या जिवावर बेततं. म्हणून नुसत्या उत्साहात नाव देऊ नका. आई-वडील, नवरा-बायको यांच्याशी आधी बोला. मनाची तयारी नसेल तर रक्तदान करा, तेही हवंच आहे.

प्रत्येक नमुन्याच्या एचएलए तपासणीला खर्च येतो. ज्यांचं वय उलटून गेलंय त्यांनी त्यासाठी मदत करावी. देणगी फक्त मंडळाच्या कार्यालयात द्या आणि पावती घ्या. नोंदणीला येताना आधारकार्ड आणा.