प्रदर्शनात चित्रं लावणाऱ्यांसाठी आठवण

सभासदहो, कॉलेजच्या कलादालनात विद्यार्थ्यांची आणि स्थानिक कलाकारांची चित्रं यंदाही शेजारी-शेजारीच लागतील. फ्रेमच्या मागे दोन्ही बाजूंना कड्या आणि मध्ये तार लावूनच आणा. मागच्या वेळी सुतळीवर टांगलेली एक फ्रेम उद्घाटनाआधीच खाली आली आणि आमची सकाळ काचा वेचण्यात गेली. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतो, म्हणजे बघणाऱ्याच्या नजरेसमोर. तेव्हा ‘माझं जरा वर घ्या’ हा आग्रह नको. कोळशाच्या चित्रावर फिक्सेटिव्ह (कोळसा पुसला जाऊ नये म्हणून मारायचा फवारा) मारलेलं हवं. तैलरंग बोटाला लागत असेल तर ते चित्र पुढच्या प्रदर्शनाला द्या. मागे नाव, माध्यम, माप लिहा. आणि विद्यार्थ्यांनो, शीर्षक घरूनच ठरवून या. ऐनवेळी सगळीच चित्रं ‘अनामिक’ होतात!