दादा, त्या शनिवारी तुम्ही महापेला आलात त्याबद्दल

दादा,

फोनवर थँक यू म्हटलं की तुम्ही "हो हो, जेवलास का" करून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितोय.

वाचणाऱ्यांना आधी भानगड सांगतो. महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये आमचा रॅक आहे, त्यात १०० गिगाबिटची नेटवर्क कार्डं, एमएलएक्स५ ड्रायव्हरवाली (ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), आणि एसआर-आयओव्हीने, म्हणजे एका कार्डाचे अनेक भाग करायच्या सोयीने, त्यांचे व्हीएफ (असे आभासी भाग) पाडून एकेका क्लायंटच्या कंटेनरला, म्हणजे त्याचे प्रोग्राम वेगळे ठेवणाऱ्या डब्याला, एकेक दिलेला. पिंग चालतोय, आयपी नीट आहे, सगळं झकास. मग एका रात्री सहज कंटेनरच्या आत जाऊन आरडीएमए डिव्हाइसची, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या मेमरीशी थेट देवाणघेवाण करणाऱ्या कार्डाच्या भागाची, यादी काढली तर बाकीच्या क्लायंटची डिव्हाइसेस पण त्यात, पोटात गोळाच आला हो. मोड एक्स्क्लुझिव्ह, म्हणजे ज्याचं डिव्हाइस त्यालाच दिसेल असा, करायला गेलो तर "डिव्हाइस बिझी". चार रात्री हेच.

तुम्हाला आमची कंपनी सोडून दोन वर्षं झालेली, तुमचा काही संबंध नव्हता, तरी शनिवारी सकाळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून घणसोलीला उतरलात आणि रिक्षाने आलात. आतमध्ये पंख्यांच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून मला बाहेर टपरीवर नेलंत आणि वडापावच्या कागदावर चाळ काढून दाखवलीत. तेलाच्या डागावर पेन उठत नव्हतं, तर डाग सोडून बाजूबाजूने काढलीत. नेटवर्क नेमस्पेस (आमच्याकडे प्रत्येक कंटेनरला एक) म्हणजे एक बिऱ्हाड, ज्याचे इंटरफेस, राउटिंग टेबल, फायरवॉलचे नियम सगळं आपापलं, हे लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, २००८ पासून आहे. पण त्याच कार्डाचं आरडीएमए डिव्हाइस वेगळं असतं, आणि डिफॉल्ट शेअर्ड मोडमध्ये तो सामाईक नळ, सगळ्या बिऱ्हाडांना दिसणारा. एक्स्क्लुझिव्ह मोड आला तो २०१९ मध्ये, कर्नल ५.२ ला. आणि बिऱ्हाडं राहायला आल्यावर नळ वाटता येत नाहीत, म्हणजे कंटेनर चालू असताना मोड बदलायला गेलं की कर्नल बिझी म्हणणारच. इतकं साधं होतं, आणि मी चार रात्री कार्डाच्या फर्मवेअरवर संशय घेत बसलेलो.

मग परत आत. आयबी-कोर या कर्नलच्या आरडीएमए मॉड्यूलला नेटएनएस-मोड शून्य (म्हणजे एक्स्क्लुझिव्ह) दिला, रीबूट केला, तरी शेअर्डच! तुम्ही लगेच म्हणालात, "इनिटरॅमएफएस परत बनवलीस का?" मशीन सुरू होताना सगळ्यात आधी लोड होणारी ती छोटी फाइल, मॉड्यूल तिथूनच लोड होत होतं, आपली नवी सेटिंग त्याला माहीतच नाही. ती बनवली, मोड बदलला, तर आता इंटरफेस कंटेनरमध्ये आणि आरडीएमए डिव्हाइस होस्टवरच (मूळ सर्व्हरवरच) राहिलेलं, तेही वेगळ्या कमांडने त्याच नेमस्पेसमध्ये हलवावं लागतं. मी विचारलं हे कुठल्याही कार्डाला चालतं का, तर तुम्ही म्हणालात नाही, डिव्हाइस हलवताना ते उघडून बसलेल्या प्रोग्रामांपासून तोडायची सोय ड्रायव्हरमध्ये असायला लागते, नसेल तर कर्नल सरळ नाही म्हणतं. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

आणि दादा, खरं सांगू का, सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही तीन तासांत कीबोर्डला एकदाही हात लावला नाहीत. माझ्याकडून कमांड चुकली की थांबायचात, "परत वाच" म्हणायचात, बस. तुम्ही स्वतः केलं असतंत तर अर्ध्या तासात घरी गेला असतात, पण मग पुढच्या वेळी मी परत तुम्हालाच फोन केला असता.

दुसरा सर्व्हर सोमवारी मी एकट्याने केला. कंटेनरमध्ये यादी काढली, एकच ओळ आली, एमएलएक्स५_३. तो वडापावचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, टाकलेला नाही. पुढच्या रविवारी ठाण्याला घरी येतोय, वहिनींना सांगून ठेवा.

खूप खूप आभार, दादा.