अंगठा आखाडात, बाकी चैत्रात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊसतोड मजुरांचा विषय निघाला की चांगली शहाणीसुरती माणसेही एक वाक्य हमखास बोलतात : ‘जबरदस्ती कुणी केली? उचल त्यांनीच घेतली, अंगठा त्यांनीच दिला. फेडायची वेळ आली की रडायचे कशाला?’ उचल म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, पुढे मजुरीतून फेडायची. आपल्या मर्जीने घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी माणसाने घ्यावी, हे मलाही मान्य आहे. पण निर्णय कधी झाला, कुणी घेतला आणि त्या घडीला समोर दुसरे काय होते, एवढे तरी आधी बघायला हवे.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाड्या भरतात. शेरडे, पत्र्याच्या पेट्या, कोपीच्या (झोपडीच्या) काड्या, लेकरे, सगळे ट्रॉलीत चढते. आपल्याला ते तेव्हा दिसते, म्हणून वाटते की माणूस आज निघाला. तो निघालेला असतो आखाडात. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात जमीन मुरमाड आणि बहुतेक कोरडवाहू. मागच्या हंगामाचा पैसा जूनपर्यंत संपतो. बियाणे-खत, शाळेची फी, दवाखाना, लग्नाचे राहिलेले देणे हे सगळे जून-जुलैतच येते. अशा वेळी मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा ठेकेदार, दारात रोख घेऊन उभा राहतो. तारण नाही, सातबारा नाही, बँकेचे हेलपाटे नाहीत. भूमिहीन माणसाच्या हातावर एका दिवसात लाख रुपये ठेवणारा गावात दुसरा कुणी नसतो. म्हणूनच ‘उचल सरसकट बंद करा’ हे म्हणणेही मला पटत नाही. दुसरी सोय न करता उचल बंद केली तर तेच घर महिन्याला शेकडा पाच-दहाने सावकाराकडे जाईल.

आता त्या अंगठ्याचा हिशेब मांडू. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टर-ट्रकच्या टोळीत एक चांगला कोयता दिवसाला सरासरी अडीच टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, भरून देतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला २७३ रुपयांवरून दर सुमारे ३६६ रुपयांवर गेला. मुकादमाचे कमिशन कारखाना वेगळे देतो. या दराने कोयत्याची रोजची कमाई ९१५ रुपये, माणशी साडेचारशेच्या आसपास. हंगाम १२० दिवस चालला तर ३०० टन होतात आणि १,०९,८०० रुपये पडतात. त्यातून आठवड्याला हजार रुपये खर्ची, म्हणजे हंगामात हातखर्चाला घेतलेले पैसे, धरली तर सतरा हजार वजा. लाखाची उचल असेल तर पूर्ण हंगाम राबूनही सात हजारांची बाकी उरते. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून चार पैसे येतात, त्यावर मीठ-मिरची भागते.

हाच हंगाम ९० दिवसांत आटोपला तर? टन २२५, रक्कम ८२,३५०, खर्ची तेरा हजार. बाकी तीस हजारांच्या वर. कोयता तोच, रोजचा घाम तोच, एक दिवसही खाडा नाही. कारखान्यांची गाळप क्षमता वाढली, ऊस तेवढा नाही आणि हंगाम उशिरा सुरू झाला, तर पट्टा लवकर पडतो, म्हणजे गाळप लवकर थांबते. २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि पुष्कळ कारखान्यांची धुराडी फेब्रुवारी-मार्चमध्येच थंडावली. या निर्णयात तोडणाऱ्याला कुणी विचारले नव्हते. उचल किती द्यायची हे मुकादमाने हंगामाच्या लांबीचा अंदाज बांधून ठरवले. अंदाज चुकला त्याचा, बाकी मात्र कोयत्याच्या नावावर पडली. पुढच्या आखाडात ती बाकी नव्या उचलीत मिळवली जाते आणि त्या घराला दुसऱ्या मुकादमाकडे जाता येत नाही.

‘जास्त तोडावे मग, आळस कशाला?’ असेही म्हणतात. असे म्हणणाऱ्याने फडात एक दिवस उभे राहावे. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडख्याकडे जास्त असते. दोन बोटे बुडखा वर राहिला की शेतकरी ओरडतो. त्याची साखर जाते ती जातेच, खोडव्याचे, म्हणजे त्याच खुंटांवर घ्यायच्या पुढच्या पिकाचे, फुटवेही नीट येत नाहीत. वरचे वाढे नेमके तोडायचे, पाचट सोलून काढायचे, वीस-पंचवीस किलोची मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन तिरक्या फळीवरून ट्रॉलीत चढायचे. पहाटे दव पडलेले असते, ट्रॉली जसजशी भरते तसतशी फळी उभी होत जाते आणि शेवटची मोळी चढवताना पाय लटपटतो. अडीच टनांच्या अशा शंभरेक मोळ्या होतात. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटते आणि साखरही उतरते, म्हणून गाडी रात्री दोनला आली तर दोनला उठून भरावी लागते. पाचटाच्या पात्याने चिरलेले हात कुणाच्याही बघा, हे काम ‘अकुशल’ म्हणून कागदावर लिहिणाऱ्याची कीव येते.

मजुरी वजनावर ठरते आणि वजन काट्यावर. काटामारीविरुद्ध शेतकरी संघटना बोलतात, ते योग्यच आहे. पण त्याच काट्यावर तोडणाऱ्याचीही भाकरी असते, हे कुणी बोलत नाही. आठ कोयत्यांच्या टोळीची १८ टनांची ट्रॉली १७ टन दाखवली गेली, तर त्या खेपेला प्रत्येक कोयत्याचे ४५ रुपयांच्या वर गेले. रोज एक खेप धरली तर ९० दिवसांत चार हजारांच्या पुढे. वजनाची पावती वाहनचालकाकडून मुकादमाकडे जाते, टोळीला आकडा तोंडी कळतो. ऊस देणाऱ्या शेतकऱ्याला १४ दिवसांत पैसे द्यावेत, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिले आहे. तोडणाऱ्याच्या हिशेबाला अशी मुदत नाही. तो पट्टा पडल्यावर होतो, तोही मुकादमाच्या वहीतून.

मग अंगठा कुणाचा? उचल नवऱ्याच्या नावाने लिहिली जाते. मोळी दोघांची, पैसा एकाच्या हातात. बायकोला कुणी विचारतही नाही, तरी ती नसेल तर तो ‘अर्धा कोयता’ ठरतो आणि उचलही अर्धी मिळते. जोडी पूर्ण करायची म्हणून हंगामाच्या तोंडावर कोवळ्या पोरींची लग्ने उरकली जातात. त्या पोरीची मर्जी कोणत्या कागदावर आहे?

एका दिवसाच्या खाड्याला पाचशे-हजार रुपये कापतात. मासिक पाळी, गर्भपात, अंगावरून जाणे, कशालाच सुट्टी नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ऑपरेशनआधी संमतीपत्रावर सही घेतातच. त्या सहीला स्वेच्छा म्हणायचे असेल तर आपण शब्दच खोटा पाडला.

दुसरी बाजूही सांगतो. दोन-दोन मुकादमांकडून उचल घेऊन पसार होणारे आहेत. मुकादम स्वतः वाहतूकदाराचे किंवा कारखान्याचे पैसे घेऊन, कोऱ्या धनादेशावर सही देऊन अडकलेला असतो. टोळी आलीच नाही की त्याच्या जमिनीवर येते. हे बुडवणे फसवणूकच आहे, आणि गरिबीचे नाव सांगून ते झाकू नये. जो दोन ठिकाणी हात पसरतो तो निर्णय घेतो आणि त्याची जबाबदारी त्याचीच. पण ९० दिवस इमानाने राबूनही ज्याची बाकी राहिली, त्याला त्याच रांगेत उभे करून पोराबाळांसकट डांबून ठेवणे, बायकोला ‘हिशेब होईस्तोवर’ अडकवून ठेवणे, हा गुन्हा आहे.

कायद्याने हा फरक कधीच ओळखला आहे. १८७२ च्या करार कायद्यात संमती ‘मुक्त’ असावी लागते, आणि एकाने दुसऱ्याच्या मर्जीवर हुकूमत चालवण्याच्या जागी बसून गैरफायदा घेतला तर ती संमती मुक्त धरत नाहीत. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानुसार आगाऊ रकमेपायी माणसाला दुसरीकडे काम करण्याची किंवा जाण्या-येण्याची मोकळीक उरत नसेल तर ती वेठबिगारी. मजुराने तसे म्हटले की ते कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार देणाऱ्यावर येतो. आणि १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भूक आणि दारिद्र्य यांनी दुसरा मार्गच ठेवला नसेल तर तीही सक्तीच, आणि किमान वेतनाखाली राबवणे म्हणजे राज्यघटनेच्या कलम २३ चा भंग. तरीही बहुतेक तहसील कचेऱ्यांत उचलीची तक्रार ‘आपसातला व्यवहार’ म्हणून परत पाठवली जाते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की जबाबदारी ठरवायची तर आखाड-श्रावणात, कागद होतानाच ठरवा. उचलीचा कागद व्हावा आणि त्यावर नवरा-बायको दोघांच्या सह्या असाव्यात. रक्कम ८० दिवस गुणिले दोन टन या बेताने, म्हणजे ५८-५९ हजारांच्या आसपास थांबावी. त्यावर लागणारा पैसा बचत गटातून किंवा बँकेतून मिळवून देणे हे शासनाचे काम. कारखाना ठरल्या दिवसांआधी बंद झाला तर राहिलेली बाकी कोयत्यावर चढणार नाही, हे कागदात असावे. आजारपण आणि बाळंतपण यांचा खाडा लावू नये. टोळीत एका पोराकडे तरी साधी वही असावी : तारीख, गाडी नंबर, पावती नंबर, वजन, त्या दिवशीचे कोयते, मिळालेली खर्ची. प्रत्येक वजनपावतीचा मोबाइलवर फोटो काढून घ्यायला तर एक पैसाही लागत नाही. चूक हमखास होते ती इथे : पहिले पंधरा दिवस वही लिहितात, मग कंटाळतात, आणि हिशेबाच्या दिवशी मुकादमाचीच वही खरी ठरते.

पैशाचे म्हणाल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनाला १० रुपये आणि तेवढेच शासनाकडून, असे ठरले आहे. मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा योजना आहे. वसतिगृहात जागा मिळालेले पोर कोपीत जात नाही आणि त्याच्या हातात पुढे कोयता येण्याचा धोका कमी होतो, असे माझे ठाम मत आहे. पण जागा दिवाळीआधी मिळाली तरच उपयोग. गाडी सुटल्यावर मंजुरीचे पत्र आले तर ते वाचायला घरी म्हातारीच उरलेली असते.

यासाठी नवा कायदा नको. ग्रामसभा आधीच ठरलेल्या आहेत. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत गावातल्या सगळ्या उचली ग्रामसेवकाने नोंदवून वाचून दाखवाव्यात, कोणत्या मुकादमाची, किती, कोणत्या कारखान्याची. २ ऑक्टोबरच्या सभेत कोण जाणार, कुणाची लेकरे वसतिगृहात राहणार आणि कोण गरोदर आहे याची यादी व्हावी आणि ती जिथे टोळी उतरणार तिथल्या आरोग्य केंद्राला कळवावी. १ मेच्या सभेत हिशेब मिटला का ते मुकादमासमोर विचारावे. मराठवाड्यातल्या ज्या गावांतून निम्मे घर हंगामभर बाहेर असते, त्या गावांच्या सरपंचांनी येत्या १५ ऑगस्टच्या विषयपत्रिकेत हा एक विषय घालावा, ही विनंती आपल्या वृत्तपत्रातून त्यांच्यापर्यंत पोचवावी.

आपला,
एक वाचक, ता. केज, जि. बीड