नोटीस बोर्ड आणि लग्न

संपादक महोदय,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'मुलं लग्न न करता एकत्र राहतात, संस्कार कमी पडले' असा लेख आला, तो अर्धाच पटला. आमच्या ओळखीतली एक मराठी मुलगी आणि तिचा ख्रिश्चन मित्र, दोघंही इथेच इंदूरला नोकरीला, त्यांना लग्नच करायचंय हो, पण धर्म कुणालाच सोडायचा नाहीये. हिंदू विवाह कायद्यात दोघं हिंदू असावे लागतात, ख्रिश्चन विवाह कायद्यात एकच जण ख्रिश्चन असला तरी चालतं, पण दोघांचाही धर्म बाजूला ठेवून करायचं तर उरतो १९५४ चा विशेष विवाह कायदा, आणि त्यात ३० दिवस आधी नोटीस द्यायची, ती विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात बोर्डावर लागणार, म्हणजे घरी सांगायच्या आधी मामा, काका, शेजारी सगळ्यांना खबर, मग कोण जाणार तिथे? म्हणून राहतात तसेच भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि घरमालकाला सांगतात लग्न झालंय.

बरं, लग्नासाठी धर्म सोडावा लागणं आपल्याकडे नवीन आहे का? १९२८ मध्ये इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी अमेरिकन नॅन्सी मिलरशी बडवाहला लग्न केलं तेव्हाही तिला आधी हिंदू होऊन शर्मिष्ठादेवी व्हावं लागलं होतं, आणि ते तर महाराज! (गादी तेव्हा सुटलेली होती, ते असो.)

संस्कारांवर लिहिलंत, ठीक. पण त्या बोर्डावरची नोटीस बंद करा असं एकदा तरी छापा, वय आणि आधीचं लग्न ऑफिसवाले कागद बघून तपासू शकतातच की.

— एक वाचक, रामबाग, इंदूर