इस्रायलमधल्या रेहोवोतच्या शेजारीण मावशींना जाहीर आभारपत्र

आदरणीय मावशी,

सप्रेम नमस्कार.

माझ्या बाळंतपणात तुम्ही आणि आपल्या इमारतीतल्या स्त्रियांनी जे केले, त्याबद्दल तोंडी आभार मानू लागले की तुम्ही विषयच बदलता, म्हणून हे जाहीर पत्र. आईची गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे तिला इस्रायलला येणे शक्य नव्हते, आणि ती उणीव तुम्ही भासू दिली नाही.

‘काही हवे आहे का’ असे तुम्ही कधी विचारले नाही. विचारले असते तर मी संकोचाने ‘नको, मी बरी आहे’ असेच म्हटले असते. या न विचारण्याला तुमच्या यहुदी धर्मशास्त्राचा आधार आहे, हे पुढे तुमच्याकडूनच कळले. प्रसूतीनंतर पहिले तीन दिवस, बाळंतिणीने गरज आहे म्हटले तरी आणि नाही म्हटले तरी, तिच्यासाठी शब्बाथचे, म्हणजे काम करणे आणि विस्तव पेटवणे वर्ज्य असलेल्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, नियम मोडावेत. सात दिवसांपर्यंत तिने मागितले तर मोडावेत. आणि तिसाव्या दिवसापर्यंत तिला जिवाचा धोका नसलेली रुग्ण समजावे, असे तालमूद हा यहुदी धर्मनियमांचा प्राचीन ग्रंथ सांगतो. तिला गारठा बाधू नये म्हणून शब्बाथला, अगदी उन्हाळ्यातल्या तम्मूझ महिन्यातसुद्धा, विस्तव पेटवण्याची मुभा आहे. शेकशेगडी आपल्या आज्याही करीत, पण तिच्यासाठी शब्बाथ बाजूला ठेवावा, हे मला फार मोठे वाटले.

बायबलमधल्या लेवीय ग्रंथात मुलगा झाल्यास चाळीस आणि मुलगी झाल्यास ऐंशी दिवसांचा शुद्धीचा काळ सांगितला आहे. (मुलीसाठी दुप्पट का, याचे मला पटेल असे उत्तर तुम्हीही दिलेले नाही.) आपल्याकडच्या सोयराप्रमाणे त्यातूनही बाईला थोडी उसंत मिळत असेल, तरीही तिला अशुद्ध न म्हणता सरळ रुग्ण मानणारा तालमूदचा विचार मला अधिक माणुसकीचा वाटतो.

माझ्या प्रसूतीपाठोपाठ योम किप्पूर हा यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा आणि उपासाचा दिवस आला, म्हणजे कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांचा दारफाळणीचा सण. रस्त्यावर एकही गाडी नव्हती, सगळी इमारत उपाशी होती, आणि मी यहुदी नसूनही मला घास घेण्याची लाज वाटत होती. १५६५ मध्ये व्हेनिसला छापल्या गेलेल्या ‘शुल्हान आरूख’ या यहुदी नियमग्रंथात पहिल्या तीन दिवसांतल्या बाळंतिणीने मुळीच उपास करू नये असे स्पष्ट म्हटले आहे, हे तुम्ही मला आदल्या दिवशीच सांगितले होते, आणि स्वतःचा उपास सुरू होण्याआधी माझ्या फ्रिजमध्ये डबे रचून ठेवले होते. एका डब्यावर मराठीत ‘अळीव, दूध नाही’ अशी चिठ्ठी होती. मांसाच्या जेवणाबरोबर दूध चालत नाही, म्हणून तुमच्या अलिबागकडच्या घरी अळिवाची खीर नारळाच्या दुधात करतात. ती मी सूप आणि कोंबडीनंतर निर्धास्त खाऊ शकले. खरे तर मला तो नियम लागू नव्हता, पण तुमच्या स्वयंपाकघरातून तो मोडून काही बाहेर पडणे शक्य नव्हते.

पुढे चाळीस दिवस झाल्यावर तुम्ही आमच्या बाळाच्या नावाने एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची मलिदा केली. गोड पोहे, ओले खोबरे, वेलची आणि फळांचे ते ताट पाहून माझ्या आईने फोनवर आधी रडून घेतले आणि मग पोहे किती भिजवले ते विचारले.

तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण पुढच्या महिन्यात बाळंत होणार आहे. डब्यांच्या यादीत मंगळवारी मी माझे नाव घातले आहे. एका वाटी अळिवाला नारळाचे दूध किती घ्यायचे, तेवढे मात्र कळवावे.

आपली कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरची शेजारीण